चिल्ड वॉटर सात डिग्रीचं, तरी एएचयूची हवा गार होत नाही: कॉईल आणि पायपिंगचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, चालू आहे, पंप चालू आहे, पाइपाला हात लावला तर गारेगार लागतो, पण आत काम करणारी माणसं घामाने हैराण आहेत. मग कुणीतरी चिलरचं सेटिंग सातवरून पाचवर आणतं, कुणी फॅनचा वेग वाढवतं, आणि पंधरा दिवसांनी तक्रार पुन्हा तिथेच. एअर हँडलिंग युनिट, म्हणजे एएचयू, ही हवा गार करून खोल्यांत सोडणारी फॅनची पेटी, आणि कॉईल म्हणजे तिच्यातला गार पाण्याच्या नळ्यांचा जुडगा, ज्याच्यामधून हवा जाते. अशा कॉईल बसवण्यात आणि इतरांनी बसवलेल्या दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. चाकण, तळोजा, कुरकुंभ, गोव्यात वेर्णा, अशा ठिकाणी हाच दोष इतक्या वेळा काढलाय की आता क्रम ठरून गेलाय. तोच इथे लिहितो.

आधी लक्षणं

- सप्लाय डक्टमधली हवा १६ ते १८ डिग्री येते. थंड करून कोरडी करायची असेल तर ती कॉईलनंतर १२-१३ च्या आसपास हवी.
- खोलीचं तापमान कसंबसं २४ ला येतं, पण आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही.
- कॉईलच्या हेडरमधून, म्हणजे नळ्यांना पाणी वाटणाऱ्या किंवा गोळा करणाऱ्या जाड पाइपातून, खळखळ किंवा गुळगुळ आवाज येतो.
- दार उघडून पाहिलं तर कॉईलचा खालचा भाग ओला आणि वरचा कोरडा ठणठणीत.
- युनिटच्या खाली पाण्याचं थारोळं. फॅन बंद केला की आणखी पाणी येतं.
- एकाच लाइनवर तीन एएचयू आहेत, त्यातलं एकच त्रास देतं.

यातलं आर्द्रतेचं लक्षण लोक सर्वांत कमी मनावर घेतात, आणि दोष आधी तिथेच दिसतो. २४ डिग्री आणि ५५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण १४.४ डिग्री असतो. म्हणजे खोलीत ५५ टक्के हवे असतील तर कॉईलमधून निघणारी हवा त्याच्याही खाली जायला हवी. ती १६ वरच अडली, तर खोलीत माणसं नसली, दार कधी उघडलं नाही, तरी आर्द्रता ६० च्या वरच राहणार. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, म्हणून दोष लपतो. जूनमध्ये पहिले दोन पाऊस पडले की तोच दोष उघडा पडतो आणि सगळ्यांना वाटतं, काल-परवापर्यंत तर नीट चालू होतं. नीट चालू नव्हतंच. कोकणपट्टीत आणि मुंबईत तर लपायलाही जागा नसते.

फुकटची तपासणी: त्रास एकाला आहे की सगळ्यांना?

हातात पाना घेण्याआधी बाकीचे एएचयू बघून या. सगळ्यांचीच हवा गरम असेल तर कॉईलला हात लावू नका. चिलर, पंप, कूलिंग टॉवर किंवा मुख्य लाइनचा प्रश्न आहे आणि तो प्लान्ट रूममध्ये सुटेल. शेजारच्या युनिटला त्याच लाइनचं पाणी मिळतंय आणि तिथली हवा १३ डिग्री आहे, तर चिलर निर्दोष आहे. अशा वेळी चिलरचं सेटिंग खाली आणणं म्हणजे एका नळाला पाणी येत नाही म्हणून अख्ख्या टाकीखाली विटा रचण्यासारखं. कंप्रेसर जास्त वीज ओढतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

ही तपासणी पाच मिनिटांची असते. ती न करता दोन-दोन महिने चिलरवाल्या कंपनीशी पत्रव्यवहार चाललेला मी पाहिलाय.

हवा पुरेशी आहे का

फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही, कारण कमी हवेवर घेतलेले सगळे आकडे फसवे असतात. धुण्याजोगा प्री-फिल्टर असेल तर धुऊन पूर्ण वाळवून लावा. ओला लावलात तर धूळ चिखलासारखी चिकटते.

मग बेल्ट. आधी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून कुलूप लावा, मगच बेल्टगार्ड काढा. दोन पुलींच्या केंद्रांमध्ये एक मीटर अंतर असेल तर मधोमध दाबल्यावर बेल्ट साधारण १५-१६ मिलिमीटर दबायला हवा. तो हातभर लोंबत असेल तर पुलीवर घसरतोय. पुलीखाली काळी भुकटी साचलेली दिसेल.

फॅनची दिशा तर हमखास बघा. पॅनेलवर काम झालं, मोटर रिवाइंड होऊन आली, केबल बदलली, यातलं काहीही नुकतं झालं असेल तर दोन फेज अदलाबदल झालेल्या असू शकतात. सेंट्रिफ्यूगल फॅन उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त खूप कमी. त्यामुळे ग्रिलवर हात धरून काहीच कळत नाही. फॅनच्या कवचावरचा बाण आणि थांबता थांबता दिसणारी चाकाची दिशा जुळवून पाहायची. दिशा चुकली असेल तर फेज बदलायचं काम इलेक्ट्रिशियनलाच द्या.

चार तापमानं

माझं अर्ध्याहून अधिक निदान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हातात एक तारवाला डिजिटल थर्मामीटर हवा. चार जागा मोजायच्या: कॉईलमध्ये शिरणारं पाणी, कॉईलमधून निघणारं पाणी, कॉईलच्या आधीची हवा, कॉईलच्या नंतरची हवा. चारही मोजमापं एकाच दहा मिनिटांत घ्या आणि आधी युनिट निदान अर्धा तास सलग चालू असू द्या.

पाइपात थर्मोवेल, म्हणजे प्रोब घालायची बंद तोंडाची नळी, असेल तर त्यात थोडं तेल घालून प्रोब बुडवा. कोरड्या वेलमध्ये प्रोबभोवती हवा असते आणि आकडा दोन-तीन डिग्री चुकतो. वेल नसेल तर इन्सुलेशनची एक फट उघडून प्रोब पाइपाला टेपने घट्ट बांधा आणि वर नायट्रिल रबराचा तुकडा गुंडाळा. लेझरवाली गन चकचकीत तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर मारू नका, ती भलतंच सांगते. गनशिवाय दुसरं काही नसेल तर पाइपावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मारा. हवेचं माप एकाच जागी न घेता कॉईलच्या तोंडावर सात-आठ ठिकाणी घ्या. वरच्या आणि खालच्या आकड्यांत मोठा फरक निघाला तर तीही एक खूण आहे, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी डिझाइन ७ डिग्री आत आणि १२ ते १२.५ डिग्री बाहेर असं असतं. त्यावरून असं वाचायचं:

परतीचं पाणी १५-१६ डिग्री आणि हवाही गरम, याचा अर्थ पाणी कमी येतंय. जे थोडं येतंय ते आपल्या ताकदीपेक्षा जास्त उष्णता उचलून दमतंय. स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी), व्हॉल्व्ह, अडकलेली हवा, बॅलन्सिंग (युनिटांमध्ये पाणी नीट वाटून देणं), या वाटेने जा.

परतीचं पाणी ८-९ डिग्री आणि हवा गरम, याचा अर्थ पाणी भरपूर आहे, पण हवेची उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. फिल्टर, बेल्ट, फिन्समधली (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांमधली) घाण, या वाटेने जा.

परतीचं पाणी ११-१२, म्हणजे दिसायला सगळं ठीक, पण कॉईलनंतरची हवा या परतीच्या पाण्यापेक्षाही दोन-चार डिग्री गरम. हा तिसरा प्रकार लोकांना सर्वांत जास्त छळतो. इथे कॉईल उलटी जोडलेली असते, किंवा कॉईलच्या बाजूने हवा चोरून जात असते, किंवा पुढची हॉट वॉटर कॉईल नकळत गरम होत असते.

पाण्याचा प्रवाह मोजायची सोय असेल तर ताळाही लावता येतो. लिटर प्रति सेकंद गुणिले ४.१८७ गुणिले तापमानातला फरक म्हणजे किलोवॉट, आणि ३.५१७ किलोवॉट म्हणजे एक टन (गार करण्याच्या क्षमतेचं माप). उदाहरणार्थ २० टनाच्या कॉईलला साडेपाच डिग्रीच्या फरकावर साधारण ३ लिटर प्रति सेकंद पाणी लागतं. जुने लोक टनामागे २.४ जीपीएम (गॅलन प्रति मिनिट) म्हणतात, ते हेच.

पाणी कमी येत असेल तर: व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर

सगळे हातव्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का, हे स्वतः हात लावून बघा. कुणी सांगितलं म्हणून मानू नका. बटरफ्लाय व्हॉल्व्हचं हँडल पाइपाला समांतर दिसतं, पण आतली पिन तुटली असेल तर चकती बंदच राहते. मग मोटराइज्ड व्हॉल्व्ह. बीएमएसच्या (इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाच्या) पडद्यावर १०० टक्के दिसतं, पण तो फक्त दिलेला हुकूम आहे. ॲक्च्युएटरचा, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरचा, दट्ट्या किंवा दांडा खरंच हलतो का, ते समोर उभं राहून बघा. कपलिंगचा स्क्रू ढिला झाला की मोटर फिरते आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. स्क्रू आवळायला दोन मिनिटं लागतात.

त्यानंतर स्ट्रेनर. आधी आणि नंतर गेज असतील तर दोघांतला फरक पाहा. स्वच्छ असताना लिहून ठेवलेल्या फरकाच्या दुप्पट झाला असेल तर जाळी भरली आहे. उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, ड्रेनचा छोटा व्हॉल्व्ह उघडून दाब शून्यावर आणा, मगच झाकणाचे बोल्ट सैल करा. नव्या लाइनमध्ये पहिल्या काही महिन्यांत जाळीत काय काय निघतं: वेल्डिंगचा मळ, गंजाचे पापुद्रे, धागा-सफेदा, एकदा तर अख्खा हातमोजा निघाला होता.

जाळी वारंवार भरते म्हणून ती काढून फेकून देणारे मेंटेनन्सवाले मला भेटले आहेत. कृपा करून असं करू नका. जाळीत अडकायचा तो कचरा मग अर्ध्या इंची नळ्यांत जाऊन बसतो, आणि कॉईलमधली एकेक सर्किट कायमची बंद होते. जाळी पंधरा मिनिटांत धुता येते. बंद पडलेल्या नळ्या मोकळ्या करणं कधी कधी अशक्यच होतं. जाळी पुन्हा पुन्हा भरत असेल तर लाइन कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे पहिल्यांदा चालू करताना, कॉईलला वळसा घालून नीट फ्लश झालेलीच नाही, असं समजा आणि ते काम आता करून घ्या.

अडकलेली हवा

खळखळ आवाज, वरचा भाग कोरडा, वरच्या आणि खालच्या हवेच्या तापमानात मोठा फरक. या तीन खुणा एकत्र दिसल्या की हेडरच्या माथ्यावरचा एअर व्हेंट उघडायचा. फसफस करून हवा जाते, मग थुंकत थुंकत पाणी येतं, मग एकसंध धार लागते. धार लागल्यावर बंद. वरच्या नळ्यांमध्ये हवा बसली असेल तर पाणी तिथून जातच नाही, म्हणजे तुमच्या कॉईलचा तिसरा हिस्सा नुसता शोभेचा राहतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. व्हेंट उघडण्याआधी जवळच्या गेजवर दाब आहे ना, ते पाहा. सर्वांत वरच्या मजल्यावर, विशेषतः पंपाच्या सक्शनकडे जाणाऱ्या परतीच्या लाइनवर, दाब शून्याखाली असू शकतो. अशा वेळी व्हेंट उघडलात तर हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत ओढली जाते. बोट ठेवून पाहिलं तर चटकन कळतं. आत ओढत असेल तर लगेच बंद करा आणि गच्चीवरची एक्सपान्शन टाकी, म्हणजे लाइन भरलेली ठेवणारी टाकी, बघायला जा. टाकी रिकामी असते, फ्लोट अडकलेला असतो, नाहीतर टाकी सर्वांत वरच्या कॉईलपेक्षा खालीच बसवलेली असते.

ऑटोमॅटिक व्हेंट असेल तर त्याची छोटी टोपी सैल आहे ना, पाहा. गळतं म्हणून कुणीतरी ती घट्ट आवळून ठेवतं, आणि मग तो व्हेंट असून नसल्यासारखा. छतातून खाली एएचयूकडे उतरणाऱ्या पाइपाने मध्ये कुठे उलट्या यू-सारखी चढण घेतली असेल तर तिच्या माथ्यावरही व्हेंट हवा. आठवड्याला हवा काढावी लागत असेल तर व्हेंटला दोष देऊ नका. पंपाच्या सीलमधून किंवा टाकीमुळे हवा कुठून येते, ते शोधायला हवं.

हॉट वॉटर कॉईल गपचूप गरम होतेय का

औषधांच्या कारखान्यांत थंड कॉईलच्या पुढे नळ्यांच्या एक-दोन रांगांची हॉट वॉटर कॉईल असते. हवा आधी १२ पर्यंत गार करून पाणी काढायचं आणि मग थोडी गरम करून खोलीत सोडायची, म्हणजे आर्द्रता हातात राहते. या हॉट वॉटरच्या व्हॉल्व्हची बैठक झिजली की बंद असतानाही त्यातून गरम पाणी झिरपतं. थंड कॉईल आपलं काम चोख करते आणि पुढची कॉईल ते पुसून टाकते.

तपासायला एक पैसा लागत नाही. हॉट वॉटरचा हातव्हॉल्व्ह पूर्ण बंद करून वीस मिनिटं थांबा. सप्लाय हवा दोन-तीन डिग्रीने उतरली तर चोर सापडला. हवेचं माप नेहमी दोन कॉईलच्या मध्येही घ्या असं मी म्हणतो, ते यासाठी. फक्त उत्पादन चालू असेल तर व्हॉल्व्ह बंद करण्याआधी तिथल्या लोकांना विचारा.

युनिटखालचं पाणी

हा दोष वेगळा वाटतो, पण जोडीनेच येतो. हवा गार होत नाही म्हणून कुणीतरी फॅनचा वेग वाढवतं. कॉईलच्या तोंडावरचा हवेचा वेग मिनिटाला ५०० फुटांच्या, म्हणजे सेकंदाला अडीच मीटरच्या वर गेला की फिन्सवरचे थेंब ओघळण्याआधीच उडतात आणि खालच्या ड्रेन पॅनच्या (पाणी गोळा करणाऱ्या ताटाच्या) पलीकडे पडतात. ८,००० सीएफएमला (मिनिटाला घनफूट हवा) निदान १६ चौरस फुटांची कॉईल हवी, हा हिशेब तिथल्या तिथे करता येतो. वेग मूळ जागी आणा आणि पाणी थांबतं का ते पाहा.

वेग ठीक असूनही पाणी येत असेल तर ट्रॅप, म्हणजे ड्रेनच्या पाइपातलं पाणी धरून ठेवणारं वळण, बघा. फॅन कॉईलच्या नंतर असतो, तेव्हा ड्रेन पॅनच्या जागी हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. ट्रॅप नसेल किंवा तोकडा असेल तर ड्रेनच्या तोंडातून हवा आत घुसते आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. पॅन भरत राहतो. फॅन बंद केला की अडवलेलं पाणी भसकन बाहेर येतं. ही खूण इतकी पक्की आहे की वेगळं काही मोजावं लागत नाही.

माप असं: पॅनच्या जागी उणा दाब ५० मिलिमीटर पाण्याइतका असेल, तर पॅनच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंतची उतरण त्यात २५ मिळवून ७५ मिलिमीटर ठेवायची, आणि त्याखाली पाणी धरून ठेवणारा वळणाचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे ३८ च्या आसपास. पायाभरणी बुटकी असेल तर एवढी जागाच उरत नाही, म्हणून एएचयूचा ओटा ओततानाच हे बघावं लागतं. दोन युनिटांचे ड्रेन ट्रॅपच्या आधी एकत्र करू नका. आणि उन्हाळाभर बंद असलेलं युनिट सुरू करताना ट्रॅपमध्ये बाटलीभर पाणी ओता, कोरडा ट्रॅप नसल्यातच जमा.

उलटी जोडलेली कॉईल

आता मुद्द्याची गोष्ट. इथपर्यंत सगळं नीट निघालं आणि चार तापमानांत तिसरा प्रकार दिसत असेल, तर पाइप कुठे जोडलाय ते बघायची वेळ आली.

नियम असा: हवा ज्या बाजूने बाहेर पडते, त्या बाजूच्या हेडरला गार पाणी आत जायला हवं, आणि हवा ज्या बाजूने शिरते, त्या बाजूच्या हेडरमधून पाणी परत यायला हवं. हवा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध चालतात. त्यामुळे जवळजवळ गार झालेल्या हवेला शेवटच्या रांगेत सर्वांत गार, सात डिग्रीचं पाणी भेटतं आणि ती १२-१३ पर्यंत उतरते. उलटं जोडलं तर काय होतं? सात डिग्रीचं पाणी आधी गरम हवेला भेटतं, पुढे जाता जाता तापतं, आणि शेवटच्या रांगेत हवेला भेटतं तेव्हा ते १२ डिग्री झालेलं असतं. १२ च्या पाण्याने हवा १२ च्या खाली कधीच जाणार नाही. प्रत्यक्षात १५-१६ वर अडकते. चिलर पाचवर आणून यातली एखाद-दुसरी डिग्री भरून काढता येते, म्हणून लोकांना वाटतं उपाय लागू पडला.

सहा किंवा आठ रांगांच्या कॉईलला हा फरक फार जाचतो. एक-दोन रांगांच्या हॉट वॉटर कॉईलला दिशेने फारसं बिघडत नाही, तिथे डोकं शिणवू नका.

चूक होते कशी? बहुतेक वेळा डाव्या-उजव्या हाताच्या, म्हणजे पाण्याची तोंडं कॉईलच्या कुठल्या बाजूला याच्या, घोळामुळे. एका कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगचा विभाग होता, तीन एएचयू, त्यातल्या एकाची आर्द्रता पावसाळ्यात ६६ च्या खाली येईना. सहा महिने स्ट्रेनर धुऊन झाले, फिन्स धुऊन झाल्या, चिलर खाली आणून झाला. मी गेलो तेव्हा सात डिग्री आत, अकरा बाहेर, आणि हवा पंधरा. पायपिंग अगदी हेडरवरच्या स्टिकरप्रमाणे होतं, आत लिहिलंय तिथे आत, बाहेर लिहिलंय तिथे बाहेर. कोड्यात पडलो. मग कॉईलच्या चौकटीवरचा हवेचा बाण शोधला, तर तो फॅनच्या उलट्या दिशेला! कॉईल डाव्या हाताची आली होती आणि हवी होती उजव्या हाताची. बसवणाऱ्यांनी ती उभीच गोल फिरवून कनेक्शन हव्या त्या बाजूला आणली. तशी फिरवली की हवा बाहेर पडण्याच्या बाजूचा हेडर हवा शिरण्याच्या बाजूला जातो, पण स्टिकर मात्र तेच राहतात. फिटरने स्टिकर वाचून इमानदारीने काम केलं होतं. त्याचा काही दोष नव्हता.

दोन्ही पाइप अदलाबदल केले. अशा फिरवलेल्या कॉईलमध्ये पाणी आता वरच्या तोंडातून आत जातं, त्यामुळे हवा अडकायची भीती वाढते. म्हणून दोन्ही हेडरच्या माथ्यावर व्हेंट बसवला. दुसऱ्या दिवशी हवा १२.८ आणि खोलीत ५४ टक्के. त्या दिवशी तिथल्या शिफ्ट इंचार्जच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला पाहून मला जे समाधान मिळालं, ते आजही आठवतं.

काही जण डावी-उजवी करण्यासाठी कॉईल उभी न फिरवता पालथी करतात. मग हवा-पाण्याची दिशा बरोबर राहते, पण व्हेंटचं भोक खाली आणि ड्रेनचं वर जातं. तिथे व्हेंट-ड्रेनची अदलाबदल करून वर व्हेंट आणावा लागतो. म्हणून स्टिकरवर विसंबू नका. हवेची दिशा स्वतः बघा, कोणता हेडर कुठल्या बाजूला आहे ते बघा, आणि मग ठरवा.

पाइप बदलताना दोन गोष्टी जिवापाड जपा. हेडरचं आट्यांचं तोंड आवळताना एक पाना हेडरच्या तोंडावर आणि दुसरा पाइपावर, असे दोन पाने हवेतच. एकाच पान्याने जोर लावला की हेडर पिळतो आणि नळी जिथे ब्रेझ केलीय (डाग देऊन जोडलीय) तिथे केसाएवढी चीर जाते. ती लगेच गळत नाही, महिन्याभराने गळते. दुसरं, पाइपाचं वजन कॉईलवर लटकू देऊ नका. पाइपाला स्वतःचा आधार द्या आणि जवळ फ्लँज किंवा युनियन ठेवा. शिवाय युनिटच्या बाजूला कॉईलच्या लांबीएवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर पुढे कॉईल बाहेर ओढायची वेळ आली की भिंत फोडावी लागते. स्ट्रेनर नेहमी आत जाणाऱ्या पाण्यावर असतो, त्यामुळे नुसते पाइप अदलाबदल केलेत तर तोही योग्य बाजूला आलाय ना, ते तपासा.

फिन्स आणि कडेच्या फटी

फिन्समध्ये बॅटरीचा उजेड टाका. इंचाला बारा-चौदा फिन्स असतील तर वरून स्वच्छ दिसणारी कॉईल मधल्या रांगांत गच्च भरलेली असते. धुताना पाणी हवेच्या उलट दिशेने मारा, म्हणजे घाण आली त्या वाटेने बाहेर निघते. दाब कमी ठेवा. जोराच्या फवाऱ्याने फिन्स आडव्या पडतात. ॲसिड तर अजिबात नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. वाकलेल्या फिन्स फिनच्या कंगव्याने सरळ करा.

कॉईलची चौकट आणि युनिटची भिंत यांच्यात बोटभर फट असेल तर तेवढी हवा गार न होताच पुढे जाते. पत्र्याची पट्टी आणि गास्केट लावून ती बुजवा. काम किरकोळ आहे, पण फरक मोजता येतो.

इथे थांबा

कॉईल गॅसवर चालणारी, म्हणजे डीएक्स असेल, तर गॅसच्या नळीला हात लावू नका. वाफेची कॉईलही स्वतः उघडू नका. भाजलं तर बरं व्हायला महिने जातात. पॅनेल उघडणं, फेज बदलणं, ड्राइव्हचं सेटिंग, ही इलेक्ट्रिशियनची कामं आहेत.

कॉईलची नळी किंवा हेडर गळत असेल तर एम-सीलचा गोळा थापून वेळ मारून नेऊ नका. लाइन वेगळी करून, रिकामी करून, ब्रेझिंग करणाऱ्या माणसाकडून काम करून घ्या आणि नंतर कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घ्या. नळ्या आतून बंद झाल्या असतील आणि केमिकलने धुवायच्या असतील, तर त्यातल्या जाणकारालाच बोलवा. बॅलन्सिंग व्हॉल्व्ह अंदाजाने फिरवू नका. एका युनिटचं पाणी वाढवलंत की दुसऱ्याचं कमी होतं, आणि मग तक्रार फक्त पत्ता बदलते. ऑपरेशन थिएटर किंवा स्टराइल विभागाच्या एएचयूचं काहीही बंद करण्याआधी तिथल्या जबाबदार माणसाची लेखी परवानगी घ्या. तिथे खोल्यांमधल्या दाबाचा प्रश्न असतो.

आणि जाणकाराला फोन करण्याआधी ही चार तापमानं, गेजचे आकडे, कॉईलच्या नेमप्लेटचा फोटो आणि हवेच्या बाणासकट दोन्ही हेडर दिसतील असा एक फोटो तयार ठेवा. माझ्याकडे एवढं आलं तर निम्म्या वेळा मी फोनवरच सांगतो की कुठला पाइप कुठे न्यायचाय.